तेलाचा रंग

"अण्णा, पेडल वर येत नाहीये," अरविंदराव म्हणाले.

"तुमचा पाय उचलला की येईल," मी म्हणालो. "निपाणीपासून बघतोय. क्लच म्हणजे काय पाय टेकायचा पाट आहे?"

त्यांनी पाय उचलून दाखवला. पेडल खालीच बसलेलं. मग त्यांनी चप्पल काढली, पायाच्या अंगठ्यानं पेडल खालून वर ओढलं आणि पुन्हा दाबून गिअर टाकायला गेले. कर्रर्र असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. तिसऱ्या खेपेला गाडी डुलत डुलत रस्त्याच्या कडेला गेली आणि गचका देऊन बंद पडली. आजरा मागं पडून आठ-दहा किलोमीटर झाले होते, आंबोली अजून लांब होती, आणि दोन्ही बाजूंना भाताची खाचरं.

मागं पलंगावर बसलेली माझी बहीण नलू एक शब्द बोलली नाही. तिनं खिडकीचा पडदा सरकवला, बाहेर बघितलं आणि पडदा पुन्हा ओढून घेतला. ती बोलत नाही तेव्हा तिचं ठरलेलं असतं, हे मला लहानपणापासून माहीत आहे.

गाडीविषयी सांगायला हवं. आमचे मेहुणे अरविंदराव कोरे मिरजेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर माणूस देवळात जातो, बागेत फिरतो, फार तर नातवंडं सांभाळतो. यांनी कुठल्याशा दवाखान्यानं मोडीत काढलेली अठरा वर्षांची रुग्णवाहिका घेतली. आत पलंग ठोकला, शेगडी बसवली, पितळी नळाची टाकी लावली, छपरावर आतून निळं आकाश रंगवलं आणि पुढच्या काचेवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं, 'बिऱ्हाड'. विंचवाला शोभेल ते यांना कसं शोभावं? ब्रशपलीकडे ज्या माणसानं हातात हत्यार धरलं नाही, ज्याला पाना आणि पक्कड यांतला फरक विचारून घ्यावा लागतो, त्यानं घर चाकांवर घालून हिंडायचं. नलूनं दोन वर्षं सोसलं. बिऱ्हाड एकदा जतजवळ बंद पडलं, एकदा कऱ्हाडजवळ. कऱ्हाडला ती उन्हात चार तास बसली होती. त्यानंतर तिनं सांगून टाकलं, "आता एकदा रस्त्यात थांबली की मी हिच्यात परत बसायची नाही, आणि गाडी विकायची." गिऱ्हाईकही तयार होतं. मिरजेतल्या एका भेळवाल्याला ती स्टॉलसाठी पाहिजे होती.

म्हणून अरविंदरावांनी मला बोलावलं. "तुम्ही एकदा तपासा, अण्णा. तुम्ही ठीक आहे म्हणालात तर ती येईल. मला आंबोली एकदा तिच्याबरोबर बघायची आहे. माझ्याकडे तेवढं एकच राहिलंय."

मी एसटीत एकतीस वर्षं काढली, शेवटची नऊ वर्कशॉपचा चार्जमन म्हणून. माझ्या हाताखालून गेलेल्या गाड्यांची चाकं ओळीनं लावली तर मिरज ते पणजी पोचतील. नवरात्रातल्या सप्तमीला मी मिरजेला गेलो, माझी हत्यारं आणि तेलं घेऊन. माझ्या प्रत्येक वस्तूवर पांढऱ्या रंगानं माझं आडनाव लिहिलेलं असतं, ती डेपोची सवय आहे. न लिहिलेली वस्तू डेपोत रात्रभर टिकत नाही. दिवसभर मी गाडीच्या खाली आणि वर होतो. इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक, क्लच, रेडिएटर, जिथं जे कमी होतं तिथं ते भरलं. अरविंदराव नरसाळं धरून शेजारी उभे. पाण्यात हे का घालायचं, नट इतका का आवळायचा, तेलाचा रंग असा का, एक ना दोन प्रश्न. मी म्हणालो, "मास्तर, रंगाचं तुमच्या वर्गात. इथं गप्प उभं राहायचं." ते हसले आणि गप्प उभे राहिले. संध्याकाळी मी नलूला सांगितलं, गाडी टकाटक आहे, माझ्या जबाबदारीवर चल. मनातून मला ती विकलेलीच हवी होती, पण माझ्या हाताखालून गेलेली गाडी बंद पडते असं कुणी म्हटलेलं मला चाललं नसतं.

आणि आता नवमीला, भर अकरा वाजता, ती बंद पडली होती.

"क्लचप्लेट जाळलीत तुम्ही," मी म्हणालो. "निपाणीचा चढ क्लचवर पाय ठेवून चढलात. मी तपासली तेव्हा गाडी ठीक होती."

"असेल," अरविंदराव म्हणाले.

मला या माणसाचं हे 'असेल' कधीच सहन झालं नाही. भांडायला सुद्धा कणा लागतो.

रस्त्याच्या पलीकडे वडाखाली पत्र्याचं शेड होतं आणि त्यावर 'लोहार गॅरेज' अशी पाटी. मी गेलो. शेडसमोर सडा-रांगोळी केलेली. आत पोत्यावर नव्या लुगड्याची घडी पसरून त्यावर सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली: पाने, हातोड्या, जॅक, अगदी ग्रीसची पिचकारी सुद्धा. प्रत्येकाला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. खंडेनवमी होती हे मी विसरलो नव्हतो, पण गॅरेजात हत्यारांपुढे हात जोडून बसलेली बाई असेल असं वाटलं नव्हतं. पन्नाशीची, कपाळाला मोठं कुंकू, हातांच्या रेषांत काळं मुरलेलं.

"मेकॅनिक कुठं आहेत?" मी विचारलं.

"मीच," ती म्हणाली. "इंदू लोहार. मालक वारले, आता सा वर्सं झाली. काय झालंय गाडीला?"

मी प्लेटचं सांगितलं आणि म्हणालो की गिअरबॉक्स उतरवावा लागेल, हत्यारं दे, मीच करतो.

"हत्यारं आज उचलायची न्हाईत, पावणं. पूजंला बसल्यात. उद्या शिलंगणाला उठत्यात."

"आमच्या डेपोत पूजा करून अर्ध्या तासात गाड्या सुटायच्या."

"सरकारचा देव वेगळा असल," ती म्हणाली. "बघायला काय हत्यार लागत न्हाई. बघतो चला." त्या भागातल्या बायका बोलतात तशी ती 'बघतो', 'करतो' म्हणायची. मला हसू आलं. अडला हरी, दुसरं काय. पदर खोचून ती निघाली, पण दोन पावलं जाऊन थांबली. "तुमी डेपोत म्हंजे मेस्त्रीच की. हात करा." तिनं पूजेच्या ताटातलं कुंकू घेऊन माझ्या उजव्या हाताच्या मागच्या बाजूला बोट ओढलं. "कारागिराचा हात बी हत्यारच. त्याचीबी पूजा करायची आज."

अरविंदरावांनी गाडीतून उतरून तिला नमस्कार केला. तिनं त्यांच्या हाताकडे बघितलं, बोटांना निळा रंग लागलेला, आणि विचारलं, "ह्ये कोण?"

"चित्रं काढतात," मी म्हणालो. माझ्या आवाजात जे होतं ते तिला कळलं असावं, कारण ती परत वळून ताट घेऊन आली आणि त्यांच्याही हाताला कुंकू लावलं.

मग तिनं जे केलं ते मी पाय फाकून, हाताची घडी घालून बघत होतो. ती गाडीत बसली. इंजिन बंद असताना चौथा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, क्लच दाबून चावी फिरवली. गाडीनं जागच्या जागी गचका खाल्ला आणि गप्प झाली.

"प्लेट जळली असती तर इंजन नुसतं फिरलं असतं," ती म्हणाली. "हितं प्लेट धरून बसलीय. सोडंना झालीय."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या वर्षाचा अप्रेंटिससुद्धा सांगेल. पण मी सकाळपासून चूक इंजिनात शोधत नव्हतो, ड्रायव्हरच्या जागेवर शोधत होतो.

"मास्तर, तुमी पेडल दाबा. मेस्त्री, तुमी हुबं ऱ्हावा." ती जमिनीवर पाठ टेकून गाडीखाली गेली. "दाबा. सोडा. दाबा." क्लच पायापासून गिअरबॉक्सपर्यंत तेलाच्या जोरावर चालतो: वरचा सिलिंडर तेल ढकलतो, खालचा सिलिंडर त्या जोरानं दांडी सरकवतो, दांडी प्लेट सोडवते. ती बाहेर आली. "दांडी पुरती सरकंना. गळती तर कुठंच न्हाई, सगळं कोरडं हाय. म्हंजे आत रबर अडकलंय."

"हवा शिरली असेल," मी म्हणालो.

"हवा असती तर धा-बारा वेळा पंप करून पेडल भरलं असतं. हे दर खेपंला आणखीच अडकतंय." तिनं बॉनेट उचललं आणि क्लचच्या तेलाच्या भांड्याचं टोपण हातानं फिरवून काढलं. टोपणाच्या आत पातळ रबराची एक चकती असते. ती चकती फुगून पुरीसारखी झाली होती. तिनं ती परत बसवून बघितली, बसेना. कडा बाहेर येऊ लागल्या.

तिनं चकती बाजूला ठेवली. भांड्यात बोट बुडवलं, अंगठ्यावर चोळलं, वास घेतला. मग अरविंदरावांना म्हणाली, "मास्तर, पाण्याचं दोन पेले मिळतील?"

नलू एव्हाना दारात येऊन बसली होती. तिनंच स्टीलचे दोन पेले भरून दिले. इंदूनं ते गाडीच्या पायरीवर ठेवले. शेडमधून स्वतःकडचा ब्रेक ऑइलचा डबा आणून एका पेल्यात चार थेंब टाकले. थेंब पाण्यात मिसळले आणि दिसेनासे झाले. मग आमच्या गाडीच्या भांड्यात चिंधी बुडवून ती दुसऱ्या पेल्यावर पिळली. तेल पाण्यावर पसरलं आणि मिसळीच्या तर्रीसारखं तरंगत राहिलं.

"क्लचमधी ब्रेक ऑइल पायजे," ती म्हणाली. "ह्यात कुणीतरी इंजनचं तेल घातलंय. त्यानं आतली सगळी रबरं फुगली. दोन-तीन दिवसांत फुगत्यात. कुणी घातलं हे?"

तो पेला मी बघत होतो. तेलाला हिरवट झाक होती.

तेव्हा मला तो डबा आठवला. घरच्या दारांच्या बिजागऱ्या आणि बायकोचं शिवणयंत्र यांसाठी उरलेलं इंजिन ऑइल मी पावसाळ्याआधी एका रिकाम्या डब्यात ओतून ठेवलं होतं. डबा चांगला होता, टाकवला नाही. डब्यावर छापलेलं होतं 'ब्रेक ऑइल', आणि पांढऱ्या रंगात माझं आडनाव. डेपोत मी पोरांना शिव्या घालायचो की एका डब्यात दुसरं तेल ओतलंत तर हात तोडीन. घरी कोण बघतंय? आणि सप्तमीला नरसाळं धरून उभ्या असलेल्या माणसानं विचारलं होतं, "अण्णा, भांड्यात होतं ते सोनेरी आहे, हे हिरवट दिसतंय. चालतं का?"

नलूनं नवऱ्याकडे बघितलं. "तुम्ही काही घातलंत?"

अरविंदरावांनी पेल्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्या डोळ्यांत राग शोधत होतो. राग दिसला असता तर मी बोललो असतो, भांडलो असतो, कदाचित कबूलही केलं असतं. तिथं राग नव्हता.

"माझ्याच हातून झालं असेल," ते म्हणाले. "काल थोडं कमी वाटलं म्हणून घातलं असेन."

गप्प राहिलो असतो तरी मी आज थोडा बरा माणूस असतो. मी म्हणालो, "तरी मी सांगत होतो. डब्यावर काय लिहिलंय ते वाचायचं असतं, मास्तर. ज्याचं काम त्यानं करावं."

"झालं," नलू म्हणाली. "अण्णा, पिशवी घे. एसटीनं जाऊ आपण. ह्यांना राहू दे त्यांच्या बिऱ्हाडाजवळ." ती रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मिरजेला पोचलात की त्या भेळवाल्याला निरोप द्या."

अरविंदराव म्हणाले, "नले, आंबोली फार लांब नाही गं. उद्या दुरुस्त होईल, उद्या जाऊ."

"जाऊन या तुम्ही."

त्यांनी मान हलवली. मग त्यांनी तो तेलाचा पेला उचलला, उन्हाकडे धरला आणि थोडा वेळ बघत राहिले. त्या वेळी सुद्धा मला वाटलं, काय माणूस आहे, संसार मोडायला आलाय आणि हा रंग बघतोय.

इंदू हात पुसायला चिंधी शोधत गाडीत गेली होती. आम्ही फाट्यावर जायला निघालो तेव्हा ती मागून आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "पावणं, तुमचा डबा ऱ्हातोय," ती म्हणाली. कागद वरच्या बाजूला उघडा होता आणि पांढऱ्या अक्षरांतलं माझं आडनाव दिसत होतं. टोपणाशी ओलं होतं. तिनं उघडून वास घेतला होता. तिनं माझ्या हातावरच्या कुंकवाकडे बघितलं, पेल्यातल्या केसाकडे बघावं तसं, आणि परत गेली.

गडहिंग्लजच्या गाडीत मी नलूशेजारी बसलो, डबा मांडीवर. "काय आहे रे त्यात?" तिनं विचारलं.

"काही नाही. माझं सामान," मी म्हणालो.

दसऱ्याला इंदूनं हत्यारं उचलली, सगळी रबरं बदलली, नळ्या धुतल्या आणि संध्याकाळपर्यंत गाडी चालू केली. अरविंदराव आंबोलीला गेले नाहीत. गाडी चालवत मिरजेला परत आले, वाटेत कुठंही न थांबता. दिवाळीआधी भेळवाल्यानं बिऱ्हाड नेलं. त्यानं सांगितलं म्हणून अरविंदरावांनी स्वतःच त्यावर 'बिऱ्हाड' खोडून 'चटकदार' असं लिहून दिलं आणि टोमॅटो काढले. गाडी स्टेशन रोडवर उभी असायची. ते दोघं परत कधी कुठं फिरायला गेले नाहीत. मी मात्र पुढची कित्येक वर्षं, लग्नाच्या पंगतीत, बारशात, हा किस्सा रंगवून सांगायचो: आमच्या मास्तरांनी क्लचमध्ये इंजिनचं तेल घातलं. लोक हसायचे. अरविंदराव असले तर तेही हसायचे. ते हसले की मला त्यांचा अधिकच तिटकारा यायचा.

या घटनेला नऊ वर्षं झाली. गेल्या श्रावणात अरविंदराव गेले. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी नलूचा फोन आला, चित्रांच्या वह्या आवरायच्यात, ये. मी गेलो. जमिनीवर तीसेक वह्या पसरलेल्या होत्या. तिनं त्यांतली एक माझ्यापुढे ठेवली, खूण घातलेलं पान उघडून.

जलरंगातलं चित्र होतं. एक हात, एक डबा, डब्यातून नरसाळ्यात पडणारी तेलाची धार. हात माझा होता, करंगळीवरचा जुना वण सुद्धा होता. डब्यावर 'ब्रेक ऑइल' आणि पांढऱ्या अक्षरांत आडनाव, एकही वेलांटी न चुकवता. खाली कोपऱ्यात तारीख, त्या वर्षीच्या सप्तमीची. गाडी बंद पडायच्या दोन दिवस आधीची.

"हे तुला कधी सापडलं?" मी विचारलं.

"गाडी विकल्यावर. त्याच दिवाळीत."

"नऊ वर्षं?"

"हो."

मी तारीख पुन्हा वाचली. "मग मला बोलली का नाहीस? मी सगळ्यांपुढे ते सांगत होतो तेव्हा?"

"मी निघाले होते तुझ्याकडे, वही घेऊन, पायात चपला घालून," नलू म्हणाली. "ह्यांनी दारात अडवलं. म्हणाले, राहू दे. अण्णांकडे हुशारीशिवाय दुसरं आहे काय? तेवढीच पुंजी आहे बिचाऱ्याची, ती कशाला काढून घ्यायची."

ती उठून चहा टाकायला आत गेली. मी पान उन्हाकडे धरलं. धारेला हिरवट झाक होती. रंग अगदी बरोबर होता.